वाढीव सव्वा किलोमीटर

४ फेब्रुवारी, मंगळवार

ताईची अट आहे म्हणून लिहितोय. बेकरी सोडली, छापखाना सोडला, गोदामातून तर दुपारच्या सुट्टीत बाहेर पडलो तो परत फिरकलोच नाही. दर वेळी ताईने विचारलं का सोडलंस, आणि दर वेळी मी नुसता पायाकडे बघत बसलो. घरून निघताना तिने ही वही हातात कोंबली. म्हणाली, "पळायचं तर पळ. पण आधी इथे कारण लिही, मग पळ. मी वाचायला मागणार नाही." शाळेत निबंधाला मला पाच ओळींच्या पुढे कधी सुचलं नाही आणि सातवीनंतर तो प्रश्नच मिटला. त्यामुळे जमेल तसं.

या सायकलच्या दुकानात हिवाळा सुरू झाल्यापासून आहे. काम म्हणजे सायकली धुणं, चेन पुसणं, खोकी फोडणं. आज मात्र वेगळं घडलं. लांब पल्ल्याच्या सायकलवाल्यांचा इथे क्लब आहे, त्यांचे प्रमुख दातांचे डॉक्टर. दुकानाची आज सुट्टी, तरी त्यांनी मालकांना फोन करून शटर उघडायला लावलं, कारण त्यांची डबी मेली होती. डबी म्हणजे हँडलवर लावायचा जीपीएस. किती चाललात, किती चढलात, पुढे कुठे वळायचं ते सगळं दाखवतो. दुकानात सगळे डबीच म्हणतात. उस्ताद, म्हणजे आमचे जुने मेकॅनिक, यांनी हात वर केले. माझं नातं लोखंडाशी, म्हणाले. मी मागच्या खोलीतच राहतो, म्हणून मधे नाक खुपसायला मोकळा. माझा जुना फोन असाच अडायचा, तेव्हा सहज डबीचं बाजूचं बटण दाबून धरलं आणि सोडलंच नाही. थोड्या वेळाने ती शिट्टी मारून जागी झाली. मालक माझ्याकडे बघत राहिले. इतके दिवस या पोराकडून फक्त धुण्याची नळीच धरून घेतली, असं काहीतरी त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

मग तिथेच ठरलं. मार्चात क्लबची मोठी राइड आहे, धरणापर्यंत जाऊन परत, दीडशे किलोमीटर. कॉम्प्युटरच्या नकाशात नदीवरचा नवा पूलच नाही, त्यामुळे कॉम्प्युटरने काढलेली वाट लांबच्या वळशाने जाते. म्हणून कुणीतरी डबी लावून तो रस्ता खरोखर चालवायचा. आपण जातो तसतशी डबी मागे रेषा काढत जाते. तीच रेषा मग सगळ्यांच्या डब्यांत भरायची. मालक म्हणाले, तू चालवून आण. राइड नीट झाली तर खिडकीजवळचं टेबल तुझं आणि डब्यांचं सगळं काम तुझं. नाही झाली तर नळी आहेच.

बंदरावर काम करणाऱ्या माझ्या दोस्ताने तिकडे माझ्यासाठी जागा बघून ठेवलीय, मार्च संपेपर्यंत थांबतो म्हणालाय. मी त्याला हो म्हटलेलं नाही, नाहीही म्हटलेलं नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार

पहिली फेरी. सकाळी पत्र्याखाली उभा राहून डबी सुरू केली तर ती शोधतच बसली. रस्त्यावर आणली तेव्हा तिला सापडलं आपण कुठे आहोत ते. डोक्यावर उघडं आकाश असल्याशिवाय तिला स्वतःचा पत्ता कळत नाही, आणि पहिली काही मिनिटं हलायचंही नाही. लहान मुलाचा फोटो काढण्यासारखं आहे.

जाताना वारा पाठीवर होता. पूल मस्त आहे. डबीत पुलाच्या जागी नुसती निळी नदी, आणि त्या पाण्यावरून मी सायकल हाकतोय. एकटाच हसत होतो.

परतताना खडीच्या खाणीच्या फाट्याला बाटल्या रिकाम्या झाल्या. तिथे जरा आत वजनकाटा आहे, खडीने भरलेले ट्रक त्यावर चढवून वजन करतात. केबिनमध्ये एक मुलगी बसते. मी पाणी मागितलं तर तिने खिडकीतून आधी माझ्या मागे बघितलं. "ट्रक कुठाय?" म्हटलं, ट्रक नाही, सायकल आहे. "मग चढवा काट्यावर. वजन केल्याशिवाय इथून कुणी जात नाही." चढवली. बोर्डावर ऐंशी आलं. पाणी गार होतं.

दुकानात परत आलो तर डबी म्हणते एकशे एक्कावन्न पूर्णांक दोन. क्लबच्या कागदावर सरळ दीडशे. सव्वा किलोमीटर आला कुठून?

१२ फेब्रुवारी, बुधवार

मालक म्हणाले सोडून दे, एवढ्याने काय बिघडतं. पण माझ्या डोक्यातून जाईना. दीडशे किलोमीटर सांगणारी वस्तू जर सव्वा किलोमीटर मनाने घालत असेल तर उरलेल्या दीडशेवर तरी विश्वास कसा ठेवायचा?

उस्तादांनी चाकाला लावायचा सेन्सर दिला. तो आकाशाकडे बघत नाही, चाकाचे फेरे मोजतो. म्हणाले, डबीला एक साक्षीदार दे. पण त्याला आधी चाकाचा घेर सांगावा लागतो. टायरवर छापलेला घेर उस्तादांना पटत नाही. त्यांनी मला सायकलवर बसवलं, टायरवर आणि फरशीवर खडूने खूण केली, चाक एक पूर्ण फेरा पुढे नेलं आणि मग टेपने मोजलं. माणूस बसला की टायर दबतो, घेर कमी भरतो. हे मला माहीत नव्हतं. आपल्या वजनाने चाक लहान होतं.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

दुसरी फेरी, सेन्सर लावून. डबी एकशे एक्कावन्न पूर्णांक दोन. सेन्सर एकशे एक्कावन्न पूर्णांक दोन. मला राग आला नाही, उलट मजा वाटली. आता हे कोडं माझं आहे.

पाण्याला काट्यावर थांबलो. काटेवालीला हा घोळ सांगितला. ती म्हणाली, तिच्या काट्यानेही असंच केलं होतं, वर कुणी नसताना चाळीस किलो दाखवायचा. सगळे म्हणाले मशीन गेलं. तिने पाट्याखाली वाकून बघितलं तर चिखल साचून घट्ट बसला होता. "मशीनवर आळ घ्यायच्या आधी खाली बघायचं," असं म्हणाली. मी डबी उलटी करून बघितली. खाली एक बारीक भोक आहे, उंची मोजण्यासाठी हवेचा दाब तिथून आत जातो, त्यात खरंच माती होती. फुंकर मारून काढली. ती खिडकीतून बघत होती, म्हणाली, "निघाला तुमचा किलोमीटर?"

मग पुन्हा काट्यावर चढायला लावलं. मी एक अख्खी बाटली पोटात आणि दोन सायकलवर घेऊन चढलो, तरी ऐंशीच. तिचा काटा दहा किलोच्या आतलं काही मानत नाही. म्हणजे बघा, तिच्या मशीनला माझं पाणी दिसत नाही आणि माझ्या मशीनला तिकडचं काहीतरी जास्त दिसतं.

१९ फेब्रुवारी, बुधवार

सापडलं असं वाटतंय. डबी दिवसभर गच्चीवर ठेवून दिली, सुरू करून. ती जागची हलली नाही, पण तिने काढलेली रेषा मात्र कावळ्याच्या घरट्यासारखी. उस्ताद बघून म्हणाले, ही तुझ्यासारखीच आहे, बसल्या जागी भटकते. तर खरं कारण असं, की आपण थांबलो तरी आकाशातून येणारा पत्ता थोडा इकडेतिकडे हलतो आणि डबीला वाटतं आपण चालतोय.

कालची रेषा मोठी करून बघितली. खाणीच्या फाट्याजवळ रेषेला एक लांबट कान फुटलाय. मी तिथेच थांबतो! म्हणजे तो कान म्हणजे डबीचं भटकणं. उस्ताद कानाकडे बराच वेळ बघत राहिले, चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि पंक्चर काढायला गेले.

डबीत एक सोय आहे, आपण थांबलो की मोजणंही थांबवायची. ती चालू केली. आता येत्या मंगळवारी बरोबर दीडशे.

२६ फेब्रुवारी, बुधवार

काल जाता आलं नाही, मालकांनी सुट्टीच्या दिवशी माल उतरवायला लावला. दिवसभर चिडचिड. उस्ताद म्हणाले, एक मंगळवार नाही गेलास तर धरण कुठे पळून जातंय का? म्हटलं, रेषा पक्की व्हायला हवी. ते म्हणाले, हो, रेषा.

ताईचा फोन होता. तिला सगळं सांगितलं, डबी, सेन्सर, चिखल, काटा, दहा किलो. ती म्हणाली, धरण कसं आहे ते एकदाही सांगितलं नाहीस. म्हटलं, धरणासारखं धरण आहे. मग तिने उगाच विचारलं, त्या काट्यावर किती वाजेपर्यंत माणूस असतं. याचा काय संबंध? मी म्हटलं, ट्रक येतात तोवर. ताईला यंत्रातलं काही कळत नाही.

४ मार्च, मंगळवार

एकशे एक्कावन्न पूर्णांक दोन.

थांबल्यावर डबी मोजत नाही हे मी डोळ्यांनी बघितलं. काट्यावर बराच वेळ होतो, आकडा जागचा हलला नाही. तरीही तेवढाच. आणि रेषेला कान आहे तो आहेच, आता घरटं नाही, नुसता स्वच्छ कान.

काटेवालीला म्हटलं, हरलो. ती म्हणाली, पेट्रोलपंप तर फाट्याच्या अलीकडे रस्त्यालाच आहे, तिथेही नळ आहे, सगळे सायकलवाले तिथेच पाणी भरतात. मी सांगितलं, तिथलं पाणी मचूळ लागतं. "आमच्याकडे तिथूनच टाकी येते," म्हणाली. असेल. पण तिच्या माठात मुरतं, फरक पडतो.

५ मार्च, बुधवार

उस्तादांपुढे दोन्ही आकडे ठेवले. म्हटलं, डबी आकाशातून बघते, सेन्सर जमिनीवरून मोजतो, दोघांची एकमेकांशी ओळख नाही, आणि दोघं एकच सांगतायत. उस्ताद म्हणाले, "मग खोटं बोलणारा तिसरा आहे."

संध्याकाळपर्यंत विचार केला आणि तिसरा कोण ते ओळखलं. दीडशे हा आकडा आला कुठून? डॉक्टरांच्या गाडीवरून. त्यांनी गाडी नेऊन मोजलं होतं. गाडीचे टायर घासलेले असणार, घेर चुकणार. दवाखान्यात गेलो, खुर्चीत एक बाई तोंड उघडून बसल्या होत्या, तिथेच सांगितलं की डॉक्टर, तुमची गाडी खोटं बोलते. बाईंना हसता येईना. डॉक्टरांनी माझं सगळं ऐकून घेतलं, दोन साक्षीदारांचं त्यांना पटलं. म्हणाले, टायर घासले तर आकडा वाढतो, कमी होत नाही, पण तू दोनदोनदा मोजलंयस, तेव्हा तुझंच धरतो. कागदावर दीडशे खोडून एकशे एक्कावन्न पूर्णांक दोन लिहिलं.

एवढा शिकलेला माणूस माझ्या आकड्यावर विसंबला. छाती फुगली. टायर घासण्याचं त्यांनी काय सांगितलं ते मात्र अजून नीट उलगडत नाहीये.

१५ मार्च, शनिवार

दिवसभर डब्या. खिडकीजवळच्या टेबलावर बसून, उद्यापर्यंत उसनं. प्रत्येकाची डबी वेगळी, प्रत्येकीचे नखरे वेगळे. एका डबीची जागा भरली होती, जुन्या फेऱ्या काढल्यावरच नवी रेषा घेतली. एकीची तार नुसती चार्जिंगची निघाली, तिच्यातून रेषा जाईचना, मला वाटलं डबीच गेली. एका म्हाताऱ्यांच्या डबीचा पडदा ओल्या बोटाला दाद देत नव्हता, त्यांना म्हटलं घाम पुसा आणि मग दाबा.

४ मार्चच्या मंगळवारचीच रेषा भरली, सगळ्यांत स्वच्छ तीच होती. वळण आलं की डबी वाजणार आणि बाण दाखवणार. सगळ्यांना एकच सांगितलं, रस्ता ओळखीचा वाटला तरी डोकं चालवू नका, डबी सांगेल तसं वळा.

उद्या मी सगळ्यांत मागे. कुणाची चेन तुटली, हवा गेली तर मी.

१६ मार्च, रविवार

काय लिहू.

जाताना सगळं छान. पुलावर सगळ्यांनी डबीतली नदी बघून आरडाओरडा केला. धरणापाशी डॉक्टरांनी पाठ थोपटली.

परतताना मी एका काकांचं पंक्चर काढून बराच मागे पडलो. फाट्याजवळ आलो तर पुढे चाललेले तेच काका डावीकडे वळले. मला वाटलं पाण्याला चालले. माझीही डबी वाजली, बाण डावीकडे. मी वळलो, माझं तर नेहमीचंच. आत निम्म्यावर गेलो तोवर समोरून सायकली यायला लागल्या. एकामागे एक, सगळ्यांच्या माना खाली, डोळे डबीवर. एकजण जाता जाता ओरडला, "हा काय प्रकार आहे रे?"

काट्याशी पोचलो. ट्रकांची रांग लागली होती, ड्रायव्हर खाली उतरून कंबरेवर हात ठेवून बघत होते. रांगेच्या पुढून आमचा क्लब एकेक करून काट्यावर चढत होता, गोल वळून उतरत होता आणि आल्या वाटेने परत जात होता. कारण त्या मंगळवारी मी काट्यावर चढलो होतो, तर रेषाही काट्यावरून गेली होती. आणि ती आत केबिनमध्ये, ड्रायव्हरांना हाका मारायचा भोंगा असतो त्यावरून शांतपणे सांगत होती, नव्वद, उतरा, पुढचा. सत्तर, उतरा, पुढचा. डॉक्टर शंभर भरले.

मी काट्यावर चढलो आणि तिथेच उभा राहिलो. बोर्डावर ऐंशी. फाट्यावरून इथवर येताना डबीत आकडा सरकत होता तो आज पहिल्यांदा नीट बघितला. जरा आत, जरा आत म्हणत होतो ते जरा सहाशे मीटरच्या वर आहे. जायचे तेवढे, यायचे तेवढे.

तिने भोंगा बंद केला आणि खिडकी सरकवली.

"रेषा काढणारे तुम्हीच ना?"

म्हटलं, हो.

"मग सांगा, मशीन अजून बिघडलेलंच आहे का?"

"नाही. मशीन बरोबर आहे."

"दोन्ही?"

"दोन्ही."

ती काहीतरी बोलणार होती असं वाटलं. मग म्हणाली, "उतरा. मागे ट्रक आहे."

१७ मार्च, सोमवार

मालकांना खाणीतून फोन आला होता. डॉक्टर सकाळीच येऊन गेले, त्यांनी स्वतःच्या हाताने कागदावर परत दीडशे लिहिलं. गाडीचं खरं होतं. टायर घासले की चाक लहान होतं, फेरे जास्त होतात, आकडा वाढतो, हे आज मला खडू घेऊन करून बघावं लागलं. त्यांची माफी मागितली. ते म्हणाले, माफी असू दे, पण शंभर किलो सगळ्यांसमोर कशाला वाचायला लावलंस?

मालक मात्र हसले नाहीत. म्हणाले, रस्त्यालगतचा नळ सोडून एवढ्या आत पाण्याला का जायचास? मी मचूळ पाण्याचं सांगितलं. उस्ताद खोकले. मालकांनी त्यांना विचारलं, तुम्हाला रेषेत दिसलं नव्हतं? उस्ताद म्हणाले, दिसलं होतं, मला वाटलं पोराला ठाऊक आहे.

टेबल मिळालं नाही. दुपारभर नळी धरली. बंदरावरच्या दोस्ताचा फोन आला, जागा आहे, पण आता मार्च संपेपर्यंत थांबता येत नाही, आज सांग. मी म्हटलं, थांब, आधी कारण लिहितो. वही काढली, तारीख घातली. लिहिलं, लोक हसतात म्हणून. खोडलं, कारण मलाही हसू येत होतं. लिहिलं, टेबल मिळालं नाही म्हणून. ते वाचून बघितलं, तेही खरं वाटेना, एवढ्याने काही मी पळालो नसतो, टेबल नसतानाच तर इथे इतके दिवस राहिलो. बसलो. दोस्ताला फोन करून म्हटलं, जागा दुसऱ्या कुणाला दे.

दुकान बंद करताना मालक कुलूप लावता लावता म्हणाले, "दुसरा कुणी असता तर सव्वा किलोमीटर पहिल्याच दिवशी सोडून दिला असता. तू महिनाभर त्याच्या मागे लागलास. उद्या जाऊन रेषा सरळ करून आण. मग बोलू टेबलाचं."

१८ मार्च, मंगळवार

सरळ करून आणली.

पंपावर पाणी भरलं. मचूळ अजिबात नाही. खाणीच्या फाट्यावर डाव्या हाताला बघितलंही नाही, सरळ पुढे आलो. थोडं पुढे एक पूल लागतो ओढ्यावरचा, तिथपर्यंत आलो आणि थांबलो. मग दुकान गाठलं. डबीत दीडशे, शंभर मीटरही इकडेतिकडे नाही. सुट्टी असूनही आलेल्या मालकांनी रेषा मोठी करून बघितली, कान नाही. डबीचं बटण दाबून फेरी बंद केली, डबी मालकांच्या हातात दिली. ते म्हणाले, उद्यापासून बस खिडकीशी.

आणि मग सायकल घेऊन परत फाट्यावर गेलो. हँडलवर डबी नाही, चाकाला सेन्सरही काढून ठेवलेला. जाताना रस्ता केवढा लांब वाटला, कुणी सांगणारं नाही किती उरला ते.

ट्रक नव्हते. ती केबिनचं दार पुसत होती. माझ्या हँडलकडे बघून म्हणाली, आज मशीन कुठे? मी सांगितलं, रेषा झाली, मशीन दुकानात आहे. मग पाणी हवंय का, म्हणाली. म्हटलं, नको, पंपावर भरलंय. ती फडकं हातात घेऊन तशीच उभी राहिली. मी इतकं लांब येऊन काय बोलायचं ते ठरवलंच नव्हतं. शेवटी विचारलं, काट्याला सुट्टी कधी असते?

"काट्याला नसते," ती म्हणाली. "मला असते."

मी मान हलवली आणि निघालो. अर्ध्या वाटेवर लक्षात आलं, कोणत्या वारी ते विचारायचं राहिलं. मंगळवार नसणार, मी गेलो त्या प्रत्येक मंगळवारी ती होती. रविवारही नाही, परवा सगळ्या क्लबने बघितलंय. उरले पाच. उद्या टेबलाचा पहिला दिवस आहे, पण दुपारची सुट्टी आहेच.